घट्ट पाणी

आकडा साडेतीनशेच्या आसपास यायला हवा होता. तो चाळीसवर आला आणि तिथंच बसून राहिला. तिनं पडद्याकडे पाहिलं, मग यंत्राच्या तबकडीकडे, मग पुन्हा पडद्याकडे. सोमवार, सकाळचे साडेअकरा. तबकडीवर आदल्या संध्याकाळचं पाणी होतं, घरून झाकणाच्या बरणीत, डब्याच्या पिशवीत लपवून आणलेलं. काल हे पाणी पिताना बाबांना ठसका लागला होता. चेहरा जांभळा झाला, डोळे बाहेर आले आणि नंतर तासभर छातीत घरघर राहिली. आईनं पाठ चोळली, तिनं खिडकी उघडली, आणि सगळं निवल्यावर पेल्यात उरलेलं पाणी फेकायच्या ऐवजी तिनं ते बरणीत ओतलं. सवयच ती. एकवीस वर्षं द्रवांची श्यानता मोजणाऱ्या माणसाच्या हातून कुठलाच द्रव सहजासहजी मोरीत जात नाही. श्यानता म्हणजे द्रव वाहताना किती कुरकुर करतो त्याचं माप, असं ती विभागात नव्यानं आलेल्यांना सांगायची. पाणी कुरकुर करत नाही, मध करतो. पक्षाघातानंतर बाबांच्या घशातलं झाकण उशिरा मिटायला लागलं होतं. साधं पाणी त्या झाकणाच्या आधी पोचायचं आणि श्वासाच्या नळीत उतरायचं. म्हणून पाण्यात पूड कालवायची, पाणी मधाइतकं घट्ट करायचं, म्हणजे ते सावकाश येतं आणि झाकणाला वेळ मिळतो. या पुडी तपासणं हेच तिचं गेल्या सहा वर्षांचं काम. गंमत अशी, की आजार घरात आला तेव्हा त्याचं कोष्टक तिच्याकडे आधीच तयार होतं. गंमत हा शब्द तिनं मनातल्या मनात खोडला.

"काका, तेल लावून बघा जरा. आकडा खोटा वाटतोय."

यंत्र खरं बोलतंय का ते तपासायला ठरावीक श्यानतेची तेलं असतात. ती ज्यांच्या कपाटात किल्लीबंद असायची त्यांना सगळे तेलकाका म्हणत. निवृत्तीला चार महिने उरले होते आणि आता कोणाचीच भीडभाड उरली नव्हती. त्यांनी तबकडी पुसली, पिवळसर तेलाचा थेंब सोडला, वरचा शंकू खाली आणला आणि चष्मा कपाळावर सरकवून पडदा वाचला.

"शंभराचं तेल, आकडा शंभर. यंत्रं खोटं बोलत नाहीत हो, खोटं बोलायला पगार लागतो. आता काय म्हणणं आहे?"

"म्हणजे नमुन्यातच काहीतरी आहे."

"मग यंत्राला कशाला त्रास? जिभेला विचारा की."

विभागात तिला 'जीभ' म्हणत. मागेही म्हणत आणि तोंडावरही म्हणत, कारण त्यात तिचा थोडा अभिमान होता हे सगळ्यांना माहीत होतं. घट्ट केलेलं पाणी नुसतं जिभेवर घेऊन ती आकडा सांगायची आणि तो वीस-पंचवीसच्या आत यायचा. यावर चहाच्या पैजा लागत. आजवर एकदाच हरली होती, तेव्हा तिला सर्दी होती. कागदाच्या डब्यातून स्वच्छ चमचा काढायचा, एक घोट टाळूवर दाबायचा, आकडा सांगायचा, चमचा कचऱ्यात. इतक्या वेळा केलं होतं की आता पाणी चाखताना आपण काही करतोय असं तिला वाटतही नसे. डोळ्यांची पापणी लवते तसं ते व्हायचं.

"हा नमुना तोंडात घालायचा नाही, काका."

"का? विष आहे की काय?"

"उष्टा आहे," ती म्हणाली. आणि म्हटल्याबरोबर पुडीच्या डब्याकडे वळली.

पुढचा अर्धा तास तिचे हात आपले आपण चालले. त्याच डब्यातली तीच पूड, तेवढंच पाणी, ढवळणं, दोन मिनिटं थांबणं. आकडा तीनशे साठ. मग तिनं काचेची बारीक कांडी घेतली, जिभेला लावली आणि ओली कांडी नमुन्यात एकदा फिरवली. पडद्यावरची रेघ क्षणभर आडवी राहिली आणि मग खाली यायला लागली. झपाट्यानं नाही, जिना उतरल्यासारखी. तीनशे. एकशे नव्वद. नव्वद. तीन मिनिटांत पंचेचाळीस. पूड पिठाची होती, आणि लाळ पिठाचे तुकडे करते हे तर शाळेच्या पुस्तकात असतं. पोळीचा घास चावत राहिलं की गोड लागतो, तसंच. रबरासारख्या लांबलचक साखळ्या, त्यांनी पाण्याला धरून ठेवायचं, आणि लाळेचा एक थेंब आला की कात्री लावल्यासारख्या त्या तुटत जाणार. कोणीतरी पेल्यातलं पाणी चाखून बघत होतं आणि तोच चमचा परत पेल्यात घालत होतं. पहिले चार चमचे घट्ट जात होते. पेला तळाला जाईपर्यंत बाबांच्या घशात साधं पाणी पडत होतं. "आई," ती मोठ्यानं म्हणाली.

तेलकाका तिच्या खांद्यावरून रेघ बघत होते. "आया चाखतातच," ते म्हणाले. "माझी आई तर माझं औषधसुद्धा आधी स्वतः घ्यायची. आपलेच दात, आपलेच ओठ. सांगाल तेव्हा जपून सांगा हो. म्हातारं माणूस. असलं ऐकून हाय खायची."

जपून सांगायचं म्हणजे कसं, हे तिला कळेना. ती खुर्चीत बसली, उठली, हात धुतले, पुन्हा बसली. साहेबांना द्यायचा तिमाही अहवाल उघडला आणि एकच वाक्य चार वेळा वाचलं. आईचा चमचा तिला आठवत होता. लहानपणी ताप आला की आई औषधाचा चमचा आधी स्वतःच्या ओठाला लावायची, तोंड वाकडं करायची आणि म्हणायची, काही कडू नाही, घे. काल संध्याकाळीही आई चमच्यावर फुंकर घालत होती, चमचा तोंडाच्या अगदी जवळ होता, हे तिनं पाहिलं होतं. मग आई गॅलरीतले कपडे काढायला गेली आणि आईच्या जागी बसून उरलेला पेला तिनं हातात घेतला. ठसका त्यानंतर लागला. म्हणजे तोपर्यंत पाणी पातळ झालेलंच होतं. हिशेब जुळत होता. गेल्या महिन्याचा मात्र जुळत नव्हता. तेव्हा आईला विसावा म्हणून तिनं आठवडाभर रजा काढली होती, सकाळ-संध्याकाळ सगळं पाणी आपल्या हातानं पाजलं होतं, आणि आठव्या दिवशी बाबांना ताप भरून रुग्णालयात न्यावं लागलं होतं. फुप्फुसात पाणी उतरलंय, डॉक्टर म्हणाले होते. या वयात दुसऱ्यांदा असं झालं तर मी काही सांगू शकणार नाही. नऊ दिवस नळ्या लावून ठेवलं होतं. त्या आठवड्यात आईनं पेल्याला हातही लावला नव्हता. पण दुपारी आपला डोळा लागत असे, तेव्हा पाजलं असेल. न सांगता, चोरून. पाजलंच असेल. आईला स्वस्थ बसवत नाही. असं ठरवल्यावर तिला थोडं बरं वाटलं, आणि बरं वाटलं याचा राग आला. कुठंतरी पाणी मुरतंय असं वाटत राहिलं, पण ती तिकडे गेली नाही.

आणि खापर नुसतं आईवर कसं फोडणार? पूड तिनंच निवडली होती. विभागाच्या कपाटात दोन होत्या, एक पिठाची आणि एक डिंकाची. डिंकाच्या पुडीला लाळेनं काही होत नाही, पण तिच्या पाण्याला तार सुटते, चमचा उचलला की शेंबडासारखं लोंबतं. बाबांनी आयुष्यभर छापखान्यात शाई हाताळली होती. असला लोंबता पदार्थ ते तोंडात घेणार नाहीत, असं म्हणून तिनं पिठाची घरी नेली. सोबत सूचनांचा कागद नेला, तोही तिनंच लिहिलेला, बऱ्याच रुग्णालयांत वाटलेला. पाणी मोजून घ्यावे. पूड सपाट चमच्याने घ्यावी. गुठळी राहू देऊ नये. दोन मिनिटे थांबावे. बसवून पाजावे. पाच ओळी, एक शब्द जास्तीचा नाही, याचं तेव्हा साहेबांनी कौतुक केलं होतं. चमच्याबद्दल ओळ नव्हती. प्रयोगशाळेत चमचा कचऱ्यात जातो. पेल्यात परत जाणारा चमचा कोणाला सुचलाच नव्हता.

तीन वाजता तिनं घरी फोन लावला. आठ वेळा वाजल्यावर आईनं उचलला.

"आई, आज बाबांना संध्याकाळचं पाणी मी आल्यावर देऊ. मी लवकर निघतेय."

पलीकडे नळ चालू होता, तो बंद झाल्याचा आवाज आला.

"साडेपाचला देते की मी. तू कशाला धावपळ करतेस?"

"नको देऊस. मी येईपर्यंत नको."

"तहान काय तुझं घड्याळ बघून लागते होय गं?" आई म्हणाली, आणि मग जरा थांबून, वेगळ्याच आवाजात, "बरं. ये तू. बघू."

पूर्वी संध्याकाळचं पाणी सातला असायचं, ती घरी पोचल्यावर. रुग्णालयातून परत आल्यावर आईनं ते साडेपाचवर आणलं. का, तर लवकर दिलं की झोप लागते. सकाळचंही ती निघून गेल्यावर. उरला फक्त रविवार. तिला ते लागलं होतं. जणू पोटच्या पोरीला घरातल्या घरात रजेवर पाठवलं. आता बसमध्ये बसून ती तेच उलटं लावून बघत होती. आईला आपल्या हातानं पाजायची हौस, माझी लुडबुड नको असते, म्हणून वेळ बदलली. आणि त्या हौसेनंच. वाक्य तिनं पुरं केलं नाही. त्याऐवजी आईला सांगायची वाक्यं जुळवायला लागली. आई, एक छोटीशी गोष्ट आहे. आई, चूक माझ्या कागदाची आहे. आई, तू चाखतेस ना, ते फक्त चमचा वेगळा घेऊन चाख. तिन्ही वाक्यांत आईचा चेहरा सारखाच दिसत होता: आधी काही न कळलेला, आणि मग ते नऊ दिवस आठवलेला. बस थांबली. पुढे रस्त्याचा अर्धा भाग खणून नव्यानं डांबर ओतत होते. रहदारीला प्रवाह म्हणणाऱ्या माणसांनी कधी प्रवाह मोजलेला नसतो, असं तिला नेहमी वाटायचं. द्रव कितीही घट्ट असला तरी पुढे सरकतो, ही बस सरकत नव्हती. पाच वाजून पाच मिनिटं. शेजारचा माणूस पंचवीस वेळा मान बाहेर काढून पुन्हा आत घेत होता. खिडकीतून गरम डांबराचा वास आला आणि त्याच्या मागून छापखान्याचा.

छापखान्यात ती शाळा सुटल्यावर जायची, आईची कामावर दुसरी पाळी असेल त्या दिवशी. बाबा यंत्रावर. काळ्या शाईचा डबा उघडला की वर घट्ट साय असायची, उलटा धरला तरी थेंब पडायचा नाही. बाबा रुंद पात्यानं ती शाई दगडी लादीवर काढायचे आणि घोटायचे. पुढे, मागे, पुढे, मागे. हळूहळू ती चमकायला लागायची, पात्यावरून घरंगळायची. "झोपली होती," बाबा म्हणायचे. "हिला उठवल्याशिवाय छपाईला लावलीस तर कागद फाडते." मग अंगठा आणि बोट शाईत टेकवून अलग करायचे, मधली तार किती लांब जाते ते बघायचे. फार तार गेली की पातळ; लगेच तुटली की "जाड", आणि डबा परत मालकाच्या टेबलावर. यंत्र नाही, आकडा नाही. ती या कामाकडे का वळली, असं नोकरीच्या मुलाखतीत विचारलं होतं, तेव्हा तिनं काहीतरी पुस्तकी सांगितलं होतं. खरं उत्तर एवढंच होतं, की बोटांना कळतं ते तिला कागदावर आणायचं होतं. द्रवाला आठवण असते, हे तिनं पुढे बाबांना समजावून सांगितलं; त्याला आधी कोणी ढवळलं, किती वेळ पडू दिलं, यावर तो आता कसा वाहणार ते ठरतं. बाबा म्हणाले होते, माणसाचं काय वेगळं असतं? आणि आपल्याच विनोदावर हसले होते. त्यांचं ते हसणं आता उजव्या बाजूनंच यायचं. बस हलली. तिची जीभ वरच्या दातांमागून उगाच फिरत होती, डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे. लक्षात आल्यावर तिनं ती थांबवली. दोन थांब्यांनंतर पुन्हा तेच चाललं होतं.

पाच पंचविसाला ती तिसऱ्या मजल्यावर पोचली. दार उघडंच होतं. बाबा खिडकीपाशी उशांना टेकून बसले होते, गळ्याशी रुमाल, आणि समोर स्टुलावर आई, हातात पेला. सुरू झालं होतं.

"थांबणार होतीस ना तू?"

"ह्यांना तहान लागली. दोनदा पेला दाखवला बोटानं. काय करू, बघत बसू?"

ती पिशवी खांद्यावर तशीच ठेवून उभी राहिली. बोलायचं होतं, पण आधी बघायचं होतं. मोजणाऱ्या माणसाची खोड. आईनं चमचा भरला. तोंडाजवळ नेला, फुंकर घातली. आता, ती मनात म्हणाली. आईनं चमचा तिरका केला, एक थेंब आपल्या मनगटाच्या आतल्या बाजूला पाडला, तान्ह्या मुलाचं दूध बघतात तसा, आणि चमचा बाबांच्या तोंडात दिला. थेंब पदराला पुसला. पुढचा चमचा. पुढचा. आईचे ओठ घट्ट मिटलेले होते, जणू तीच गिळत होती. एकदाही चमचा त्या ओठांना लागला नाही. अकरा चमचे तिनं मोजले. ठसका नाही, घरघर नाही. बाबा दर घोटानंतर डोळे मिटत आणि उघडत. तिनं जुळवलेली तिन्ही वाक्यं तोंडातल्या तोंडात राहिली. काल? मग काल कसं? आज मी समोर उभी आहे म्हणून सांभाळून करत असेल. पण हा हात सांभाळून करणारा नव्हता. हा हात हे असंच रोज करत होता.

खालून कोणीतरी आईला हाक मारली, दुधाच्या पिशव्या आल्या होत्या. आई उठली, पेला हातात घेऊन घुटमळली. मग तो तिच्याकडे दिला, द्यावा की न द्यावा असा. "थोडंच राहिलंय. आलेच मी."

ती स्टुलावर बसली. पेला कोमट होता. पाच-सहा चमचे असतील. तिनं चमचा तळातून एकदा फिरवून भरला आणि उचलला. साडेतीनशे, तिच्या जिभेनं सांगितलं. थोडं वरच. ठीक आहे. टाळूवर पसरलेला तो पिठूळ, बेचव घोट खाली गेला आणि चमचा परत पेल्याकडे निघाला. पाण्यापासून बोटभर वर तो थांबला. तिनं त्याच्याकडे पाहिलं. चमच्याच्या खोलगट भागात तिच्या ओठांचा ओला ठसा होता. सकाळी कांडीला जी लाळ लागली होती ती कोणाची होती, हा प्रश्न तिनं दिवसभर विचारला नव्हता. तिनं वर पाहिलं. बाबांनी तोंड मिटून घेतलं होतं. तिच्याकडे बघत होते, रागानं नाही. शाईचा डबा मालकाकडे परत करायचा असताना बघायचे तसं.

आई खाली गेलीच नव्हती. दारात उभी होती.

"चाखलंस?"

"हो."

"ठेव मग तो. दुसरा करते."

"आई, तुला माहीत होतं?"

"मला काय माहीत असणार? तू शिकलेली त्यातली." आई पुढे आली, तिच्या हातातून पेला काढून घेतला, चमचाही. "तुझ्या हातून घेतलं की शेवटी शेवटी ह्यांना ठसका लागतो, एवढं दिसत होतं. का लागतो ते नाही कळलं. वाटलं, भराभरा देत असशील. तुला घाई असते."

"मग सांगायचं ना मला! दवाखान्यात नऊ दिवस होते बाबा."

"काय सांगू? पोरीला म्हणू, तुझ्या हातानं बापाला धाप लागते?" आईनं पेला मोरीत उलटा केला. घट्ट पाणी एका तुकड्यासारखं घसरत गेलं. "वेळ बदलली. तेवढं माझ्या हातात होतं. रविवारचं काही करता येईना."

तिला आईसाठी जपून ठेवलेली वाक्यं आठवली. पहिलं, छोटीशी गोष्ट आहे, हे. तिनं ते वापरलं नाही. उभं राहून सगळं सांगितलं, लाळ, पीठ, साखळ्या, तीन मिनिटांत खाली येणारी रेघ, आणि हेही, की सकाळपासून तिनं हे आईचं काम समजलं होतं. आई ऐकत होती. शेवटचं वाक्य ऐकून तिनं भुवया वर केल्या, एवढंच.

"म्हणजे थुंकीनं पातळ होतं."

"हो."

"मग हे त्या कागदावर का नाही लिहिलंस?"

"आम्ही चमचा टाकून देतो, आई. परत घालतच नाही."

"घरात कोण चमचा टाकून देतं?" आई म्हणाली.

कपाटाच्या दारावर कागद चिकटवलेला होता. तिनं पर्समधून पेन काढलं आणि पाच ओळींखाली सहावी लिहिली: चाखलेला चमचा पेल्यात परत घालू नये. उद्या छापील कागदांचं बघावं लागणार होतं. रुग्णालयांत किती गेले होते, किती घरांत कोणाकोणाची जीभ. तिनं तो विचार उद्यावर ढकलला, आणि तो गेला नाही, खोलीतच कोपऱ्यात उभा राहिला. उद्या डिंकाची पूडही आणायची. लोंबली तर लोंबली.

आईनं नवा पेला केला. दोघी घड्याळाकडे बघत दोन मिनिटं उभ्या राहिल्या. मग आईनं धुतलेला चमचा तिच्या हातात ठेवला.

"मी नको आई. तूच दे."

"बस," आई म्हणाली. "सगळे रविवार मी एकटीनं नाही काढायची."

ती बसली. चमचा भरला. जीभ दातांमागे उठली होती, विचारत होती. तिनं ती दाबून धरली. आकडा तिला माहीत नव्हता. घड्याळानं दोन मिनिटं सांगितली होती, पुडीच्या डब्यानं एक सपाट चमचा सांगितला होता. बाकी काही हातात नव्हतं. बाबांनी चमच्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे, बराच वेळ, आणि तोंड उघडलं. घोट गेला. गळ्याची घाटी वर आली, थांबली, खाली गेली. आई घडी घालायला घेतलेला टॉवेल तसाच धरून उभी होती. रस्त्यावर कुणाचीतरी गाडी सुरू होत नव्हती, पुन्हा पुन्हा किल्ली फिरवत होते.

बाबांनी ओठ हलवले. पहिल्यांदा नुसती हवा आली.

"जा... ड," ते म्हणाले.

"घ्या," आई म्हणाली. "झाली सुरू तक्रार."

तिनं दुसरा चमचा भरला.